एका पैशाचे पत्र

थ्रेड 🧵 पोस्टकार्ड हे इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावे?

१/ मराठ्यांचा इतिहास आपण मोठ्या प्रमाणावर पत्रांतूनच वाचतो. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत पत्रांचाच भरणा आहे. परंतु ती प्रामुख्याने राज्यकर्ते, सरदार, वकील आणि कारकून यांची पत्रे. मग सामान्य माणूस पत्र केव्हा लिहू लागला?

२/ १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर लागू झाला. मुंबईहून ठाण्यास आणि मुंबईहून कलकत्त्यास पत्राचे मोल सारखेच! तरीही कष्टकऱ्याला अर्धा आणा जडच होता.

३/ १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने जगातील पहिले सरकारी पोस्टकार्ड काढले. दहा वर्षांनी, १ जुलै १८७९ रोजी, ते हिंदुस्थानात आले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. एका बाजूस केवळ पत्ता, दुसऱ्या बाजूस मजकूर.

४/ कार्ड उघडे असे, त्यात गुपित राहत नसे. पण ज्या घरात कुणालाच अक्षरओळख नव्हती, तिथे पत्र एरवीही दुसऱ्यानेच वाचून दाखवायचे असे. पोस्टमन ओटीवर बसून वाचू लागला की शेजारीपाजारी गोळा होत. पत्र एकाच्या नावे येई. आनंद मात्र साऱ्या आळीचा होई.

५/ १८८० मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली. गिरणगावातील चाकरमान्याचे पैसे आणि खुशाली दोन्ही टपालानेच कोकणात पोहोचू लागली. लिहिता न येणाऱ्यांसाठी मुंबईच्या जीपीओसमोर पत्रलेखक बसत. म्हणून जुने कार्ड वाचताना प्रथम विचारावे : शब्द कुणाचे आणि हस्ताक्षर कुणाचे?

६/ जागा अपुरी, म्हणून ‘सा. न. वि. वि.’, ‘ता. क.’ ही संक्षेपरूपे उपयोगी पडत. मजकूर संपला तरी माया संपत नसे. मग समासात आडव्या-उभ्या ओळी येत. अभ्यासकाने त्या अवश्य वाचाव्यात. औपचारिक मायन्यात न मावलेले बोलणे अनेकदा तिथेच सापडते.

७/ कालनिर्णयाच्या खुणा : टपालाचा शिक्का पाहावा. ‘नये पैसे’ छापले असल्यास कार्ड १९५७ ते १९६४ या काळातले. पत्त्यात पिनकोड असल्यास १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी संस्कृतपंडित होते.

८/ आता सर्वांत महत्त्वाचे. आलेली पत्रे घरोघरी भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवीत. लग्नाच्या पत्राला हळदकुंकवाची बोटे लावलेली असत. मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड मात्र वाचून लगेच फाडून टाकण्याचा रिवाज होता. परिणामी त्या तारेत बारशी आहेत, लग्ने आहेत, परीक्षांचे निकाल आहेत. मरणे जवळजवळ नाहीत. साधन काय सांगते याइतकेच, त्यातून काय वगळले गेले हेही इतिहासकाराने पाहावे लागते.

९/ पेशव्यांची पत्रे दफ्तराने जपली. गिरणी कामगाराच्या पत्राला दफ्तर नाही. असलीच तर माळ्यावरची एक गंजकी तार आहे. घर पाडण्यापूर्वी वा रद्दी देण्यापूर्वी ती उतरवा. कार्डांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या आणि आजीला विचारा, यातले कोण कोण होते. जी कार्डे फाडली गेली, त्यांतला मजकूर आता तिच्याच स्मरणात आहे.