कर्करोगाचा वेध घेणाऱ्या ‘नव्याने घडविलेल्या’ टी पेशी

सातारा, सांगली : कर्करोगाचे निदान झाले, की या दोन्ही जिल्ह्यांतील घरांत परळच्या टाटा रुग्णालयाचे नाव ओघाने निघतेच. कराड, मिरज, सांगली येथे उपचारांच्या सोयी वाढल्या. तरीही केमोथेरपीनंतर उलटलेल्या रक्ताच्या कर्करोगासाठी अनेकांना मुंबईची वाट धरावी लागते. त्याच टाटा स्मारक केंद्राने आणि पवईच्या आयआयटी मुंबईने विकसित केलेली उपचारपद्धती आता देशात उपलब्ध आहे. यात औषध म्हणून वापरल्या जातात त्या रुग्णाच्याच पेशी.

टी पेशी शत्रू कसा ओळखतात?

टी पेशी म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. शरीरातील इतर पेशी आपल्या आतील प्रथिनांचे बारीक तुकडे ‘एचएलए’ नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर दाखवितात. ग्राही हे तुकडे चाचपतो. परका तुकडा आढळला, की टी पेशी त्या पेशीचा नाश करते. कर्कपेशी मात्र शरीरातच जन्मलेल्या असल्याने अनेकदा या पहाऱ्यातून निसटतात. म्हणून टी पेशी शरीराबाहेर काढून त्यांना नवा ग्राही द्यायचा, ही या उपचारामागील कल्पना.

दोन वाटा

पहिली वाट ‘कार-टी’ची. यात प्रतिपिंडाचा तुकडा जोडून कृत्रिम ग्राही तयार करतात. तो एचएलएवर अवलंबून नसतो. मात्र त्याला मुख्यतः पेशीच्या पृष्ठभागावरील खुणाच दिसतात. अमेरिकेत २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीवर हा उपचार यशस्वी झाला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तेथे अशा पहिल्या औषधास मान्यता मिळाली.

दुसरी वाट नैसर्गिक ग्राहीतच बदल करण्याची, म्हणजे ‘टीसीआर-टी’ची. पेशीच्या आत दडलेली प्रथिनेही अशा ग्राहीला ओळखता येतात. त्यामुळे घन गाठींच्या कर्करोगात या वाटेकडून विशेष अपेक्षा आहेत. अमेरिकेतील डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या पथकाने २००६ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात दोन रुग्णांच्या गाठी या पद्धतीने ओसरल्याचे दाखविले. ऑगस्ट २०२४ मध्ये सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मीळ कर्करोगासाठी ‘टेसेल्रा’ या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

मुंबईतील उपचार

आयआयटी मुंबईतील प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांसह ‘नेक्सकार१९’ हा कार-टी उपचार विकसित केला. ४ जून २०२१ रोजी खारघर येथील टाटाच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उपचाराचे लोकार्पण झाले. ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ ही आयआयटीतूनच उभी राहिलेली कंपनी तो तयार करते.

रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साह्याने त्यांत नवे जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवितात आणि शिरेवाटे त्या परत देतात. या पेशी ‘सीडी१९’ ही खूण असलेल्या बी पेशींवर तुटून पडतात. त्यामुळे इतर उपचारांना दाद न देणाऱ्या वा उलटलेल्या बी पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमापुरताच हा उपचार आहे. स्तन, तोंड वा फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी नाही. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ६४ रुग्ण होते; ज्यांच्या परिणामांचे मूल्यमापन करता आले, त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला.

धोका कोठे आहे?

टी पेशी एकदम चेतल्या, की तीव्र ताप, रक्तदाब घसरणे, मेंदूवर परिणाम होणे असे प्रकार घडू शकतात. शिवाय रक्तपेशी घटून जंतुसंसर्गाची भीती असते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रुग्णाला रुग्णालयाच्या जवळच राहावे लागते.

टीसीआरचा धोका वेगळा. ग्राहीची पकड अधिक घट्ट करण्याच्या प्रयत्नात तो निरोगी अवयवावरही उलटू शकतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत ‘मेज-ए३’ या प्रथिनासाठी घडविलेल्या ग्राहीने हृदयाच्या स्नायूतील ‘टायटिन’लाही शत्रू मानले आणि दोन रुग्ण दगावले. आधीच्या प्रयोगशालेय तपासण्यांत ही चूक उघड झाली नव्हती.

भारतीय रुग्णांचा प्रश्न

टीसीआर उपचार ठरावीक एचएलए असलेल्यांनाच लागू पडतो. ‘टेसेल्रा’ एचएलए-ए ०२:०१ आणि त्याच गटातील मोजक्या उपप्रकारांसाठी आहे. भारतीयांत बऱ्याच प्रमाणात आढळणारा ०२:११ हा उपप्रकार त्यांत नाही. परदेशी औषध आयात करून हा प्रश्न सुटणार नाही. येथील लोकसंख्येला अनुरूप ग्राही येथेच शोधावे लागतील.

खर्चाचे गणित

अमेरिकेतील पहिल्या कार-टी औषधाची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवण्यात आली होती. ‘नेक्सकार१९’ त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात, ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात उपलब्ध झाला. तरीही शेतकरी वा पगारदार कुटुंबाला ही रक्कम आवाक्याबाहेरचीच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा २०२३ मध्ये वाढविण्यात आली, तीही कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपये. मुंबईतील मुक्कामाचा भार त्याखेरीज. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांचा आधार त्यामुळेच मोलाचा ठरतो.

उपचाराचा निर्णय घेण्यापूर्वी कर्करोगाचा नेमका प्रकार, पेशींवर ‘सीडी१९’ खूण आहे की नाही आणि याआधीच्या उपचारांचा परिणाम, या तीन गोष्टी रक्तविकारतज्ज्ञांकडून स्पष्ट करून घेणे हिताचे ठरते.