फुटलेला आवाज

चौदा-पंधराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. शाळेत प्रार्थना सांगणारा मुलगा अचानक मागच्या रांगेत जाऊन उभा राहतो. आमच्या घिवलीत भजनाला बसणाऱ्या पोरांचंही तेच. काल गवळण म्हणणाऱ्याच्या हाती आज नुसते टाळ! आपलं गाणं संपलं, असं तो स्वतःच ठरवून टाकतो.

पूर्वीच्या संगीत नाटकांत तर हा पोटापाण्याचाच प्रश्न होता, कारण बायकांची कामं मुलगेच करत. भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गाजले. आवाज फुटला आणि रंगमंच सुटला. मग बडोद्याला फैज महंमद खाँ, पुढे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशी वर्षानुवर्षं तालीम घेऊन ते ख्यालगायक झाले. गंमत अशी, की पुढे १९१६ साली 'स्वयंवर' नाटकाच्या चाली याच बुवांनी दिल्या, आणि त्या गायल्या त्यांच्याच शिष्याने, बालगंधर्वांनी.

सवाई गंधर्वांचा (१८८६-१९५२) आवाजही वयात येताना बिघडला होता. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तो मेहनतीने घडवला. मैफलीत तो तापायला वेळ लागे म्हणतात, पण ख्यालात घाई कुणाला असते?

त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल (१९१३-२००९). त्या हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला शिकायला जात. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका बारीक, उंच आवाजातल्या आहेत. जी. एन. जोशींबरोबर त्यांनी मराठी भावगीतही गायलं. पुढे घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज खोल, जवळजवळ पुरुषी झाला. भावगीताला तो चालला नसता. पण संथ ख्यालात एकेक स्वर मांडायला अगदी चपखल! माझं मत विचाराल तर पहिला आवाज गोड होता, पण तसे गोड आवाज आणखीही होते. दुसरा मात्र फक्त त्यांचाच.

परवा नातवाला दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकवली. दुसरं सुरू होताच त्याने विचारलं, "आजोबा, हे बुवा कोण?"