अकार्यात्मक आवश्यकतांचे विनिर्देशन

सॉफ्टवेअरने कोणते काम करावे, हे कार्यात्मक आवश्यकतांवरून ठरते. ते काम किती वेगाने, किती बिनचूकपणे आणि कोणत्या परिस्थितीत करावे, हे अकार्यात्मक आवश्यकतांवरून ठरते. त्या लेखी मांडण्याच्या अनेक पद्धती आहेत.

कृष्णा खोऱ्यातील पूर-अंदाजाच्या उदाहरणावरून त्यांतील भेद स्पष्ट होतो. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळून सांगलीकडे जाते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. राज्याच्या जलसंपदा विभागाने कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी पूर-अंदाज व जलाशय-परिचालनाची संगणकप्रणाली उभारली आहे. पुढील नमुने मात्र केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेले आहेत.

==पद्धतींची तुलना==

‘अंदाज लवकर मिळावा’ हे साध्या भाषेतील विधान सर्वांस समजते; परंतु ‘लवकर’ म्हणजे किती, याबाबत धरणावरील अभियंता आणि नदीकाठचा रहिवासी यांचे एकमत होणे कठीण. अशा विधानाची चाचणीही घेता येत नाही.

टॉम गिल्ब यांच्या ‘प्लँग्वेज’ पद्धतीत मोजमापाची पट्टी, मोजण्याची रीत, किमान मर्यादा व उद्दिष्ट लिहावे लागते: पावसाची नोंद आल्यापासून अंदाज प्रसिद्ध होईपर्यंतची मिनिटे, कमाल ३०, उद्दिष्ट १५. संदिग्धता संपते, तथापि हा आकडा उघडिपीतला की अतिवृष्टीतला, हे वेगळे नोंदवावे लागते.

ही उणीव गुणवैशिष्ट्य-प्रसंग पद्धत भरून काढते. तीत उद्दीपनाचा स्रोत, उद्दीपन, संबंधित घटक, परिस्थिती, प्रतिसाद व प्रतिसादाचे माप असे सहा भाग असतात. अतिवृष्टीत महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकाचा संपर्क तुटल्यास प्रणालीने शेजारील केंद्रांच्या नोंदींवरून १५ मिनिटांत अंदाज द्यावा व तो अनुमानित असल्याचे दर्शवावे, हा असा एक प्रसंग होय. वीज आणि दूरध्वनी नेमके महापुरातच बंद पडतात. म्हणून अशा प्रणालींना ही पद्धत सर्वाधिक उपयुक्त ठरते. न सुचलेला प्रसंग मात्र दस्तऐवजातून निसटतो.

चुंग, निक्सन, यू व मायलोपोलस यांची ‘एनएफआर’ चौकट आकडे ठरवण्यापेक्षा उद्दिष्टांमधील संघर्ष आकृतीतून दाखवण्यावर भर देते. घाईने दिलेला इशारा चुकू शकतो आणि लोकांनी एकदा विनाकारण घर सोडले, की पुढच्या इशाऱ्यावर त्यांचा विश्वास राहत नाही. वेग व अचूकता यांतील हा निर्णय अंगभूत राजकीय-प्रशासकीय असतो. प्रोग्रामरवर तो सोपवणे योग्य नव्हे.

आयएसओ/आयईसी २५०१० हे मानक गुणवैशिष्ट्यांची पडताळणी-यादी म्हणून वापरतात. २०११ च्या आवृत्तीतील आठ वैशिष्ट्यांत २०२३ मध्ये जीवित व मालमत्तेच्या हानीपासून संरक्षण हे नववे समाविष्ट झाले.