टीबीचा रुग्ण घरात असेल तर : औषधाबरोबर ताट आणि आधारही हवा

टीबीचं नाव निघालं की आपल्या घरांत आवाज खाली येतो. शाळेत आम्ही हे पाहतो. मूल बरेच दिवस गैरहजर असतं, विचारलं तर ‘अम्मीला अशक्तपणा आहे’ एवढंच उत्तर मिळतं. खरा आजार कळेपर्यंत अम्मीचं ताट वेगळं झालेलं असतं आणि एकटीनं जेवता जेवता तिची भूकही मेलेली असते. गोळ्या चालू असूनही वजन वाढत नाही, त्याचं एक कारण हेही असतं.

जुना इलाज, नवा पुरावा

सातारा-सांगलीला हा आजार नवा नाही. टीबीवर औषध नव्हतं तेव्हा पाचगणीचं १९१२ साली सुरू झालेलं बेल-एअर आणि सांगली-मिरजेच्या मधलं वानलेसवाडीचं आरोग्यधाम इथं लांबलांबून रुग्ण येत. मोकळी हवा, आराम आणि सकस जेवण हाच तेव्हाचा इलाज. आता साध्या टीबीचा कोर्स साधारण ६ महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. तरी जेवणाचं मोल कमी झालेलं नाही. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबांना दरमहा रेशन देऊन अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. जादा रेशन मिळालेल्या घरांत इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं, त्या रुग्णांमध्ये मृत्यूही कमी झाले.

ताटात काय असावं?

महागडी पावडर लागत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, मटकी, शेंगदाण्याची चटणी, अंडी, दूध, दही आणि परवडेल तेव्हा मटण-चिकन पुरतं. मळमळ होत असेल तर थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. गोळ्यांनी लघवी लालसर होते, त्याला घाबरू नका. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा. शुगरही तपासून घ्या.

भांडी वेगळी नकोत

टीबी भांड्यांतून किंवा कपड्यांतून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो. म्हणून सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके दिवस तोंडावर रुमाल किंवा मास्क, उघड्या खिडक्या आणि झोपायला वेगळी जागा एवढं पाळा. घरातल्या सगळ्यांची, खास करून लहान मुलांची तपासणी करून घ्या.

मन खचतं तेव्हा

दोन महिन्यांत बरं वाटू लागतं आणि रुग्ण म्हणतो, ‘आता बस झालं.’ गोळ्या मध्येच सोडल्या तर टीबी औषधांना दाद देईनासा होतो. घरातल्या एकानं रोजच्या गोळीची जबाबदारी घ्यावी, कॅलेंडरवर खूण करावी. ‘कुणाकडून लागला?’ हे विचारू नये. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, रडू येतंय, जगण्यात रस नाही असं असेल तर डॉक्टरांना सांगा किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर मोफत बोला.

रमजानमध्ये

आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआननंच दिली आहे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गोळी चुकवणं म्हणजे सबर नव्हे. रोजा ठेवायची इच्छा असेल तर आधी डॉक्टरांना आणि मग आलिमांना विचारा.

मदत कुठे?

निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ आधी ही रक्कम ५०० होती. खासगी डॉक्टरांकडचा रुग्णही निक्षय पोर्टलवर नोंद झाल्यावर यासाठी पात्र असतो. त्यासाठी आधार आणि पासबुक घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा किंवा आशाताईंना विचारा. हेल्पलाइन : १८००-११-६६६६. ‘निक्षय मित्र’ होऊन कुणीही रुग्णाला धान्य, डाळ, तेल देऊ शकतं. आपल्या मोहल्ल्यातल्या जमातींनी एकेका रुग्णाचा सहा महिन्यांचा शिधा उचलला, तर किती घरं सावरतील!

आजार लपवला तर ही सगळी मदत दारातूनच परत जाते. म्हणून आधी नाव नोंदवा आणि जे सगळ्यांच्या ताटात, तेच रुग्णाच्या ताटात वाढा.