खांद्याची शस्त्रक्रिया : वेदनाशमनासाठी कोणता ब्लॉक?

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी तीव्र वेदना होतात. त्या रोखण्यासाठी भूलतज्ज्ञ चेतातंतूंभोवती बधिर करणारे औषध टोचतात. यालाच 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात.

इंटरस्केलीन ब्लॉक : डॉ. अलोन विनी यांनी १९७० मध्ये वर्णिलेला हा ब्लॉक मानेच्या बाजूस देतात. वेदनाशमन उत्तम होते. मात्र औषध पसरून त्या बाजूचे श्वासपटल काही तास शिथिल पडू शकते. निरोगी व्यक्तीला हे सहसा जाणवत नाही. फुप्फुसाचा जुना विकार किंवा अतिस्थूलता असल्यास धाप लागू शकते.

सुप्रास्कॅप्युलर ब्लॉक : हा खांद्याच्या फऱ्यापाशी देतात. सांध्याची सुमारे ७० टक्के संवेदना हा चेतातंतू वाहतो. उर्वरित भागासाठी अ‍ॅक्झिलरी चेतातंतूही बधिर करतात. सुरुवातीचे वेदनाशमन किंचित कमी, पण श्वसनावरील परिणाम अत्यल्प.

ब्लॉक ओसरताच वेदना उसळू शकते; म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यापूर्वीच घ्याव्यात. श्वसनविकार असल्यास भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियेपूर्वी अवश्य सांगावे.