राजा गेला, गिऱ्हाईक आले

तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम हे स्थानक लागते. मराठी प्रवासी तेथे सहसा उतरत नाही. त्याचे चित्त मागे राहिलेल्या भोसल्यांच्या राजवाड्यात गुंतलेले असते, नाही तर पुढल्या देवळांकडे लागलेले असते. तरी या गावी पाहण्याजोगी एक वास्तू आहे. पालैवननाथाच्या मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळचे, विटांनी बांधलेले धान्याचे प्रचंड कोठार उभे आहे. कलेच्या इतिहासात भाताच्या कोठाराचे काय काम, असे कोणी विचारील. पण कलावंतालाही दोन वेळचे अन्न लागते. आणि ते कोण पुरवतो, यावर कलेचे रूप पुष्कळसे अवलंबून असते.

१६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले. नायकांच्या पदरचे चित्रकार मराठ्यांच्या आश्रयाला आले. फणसाच्या फळीवर कापड ताणून चिकटवावे, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप देऊन दागिने उठावदार करावेत, काचमणी बसवावेत, वर सोन्याचा वर्ख चढवावा, अशी ती चित्रे. त्यांना आपण अभिमानाने ‘आपली’ म्हणतो. मात्र आश्रय मराठ्यांचा असला, तरी हात राजू आणि नायडू कारागिरांचे होते, हे विसरू नये.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या हाती किल्ला, वार्षिक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. एवढ्यावरही राजांनी ग्रंथालय, संगीत आणि चित्रकला यांचा आदराने सांभाळ केला. परंतु त्याच काळात चित्रकारांच्या दारी दुसरे गिऱ्हाईक उभे राहिले होते. घरापासून हजारो कोस दूर नेमणुकीवर आलेल्या कंपनीच्या साहेबांना मायदेशी धाडण्यासाठी या मुलखाची आठवण हवी होती. त्यांच्यासाठी निरनिराळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या नवराबायकोंच्या जोड्या कागदावर रंगवल्या जाऊ लागल्या. देवघरासाठी काढावयाचे चित्र अनोळखी माणसासाठी काढावयाचे झाले. हा बदल लहान नव्हता. भक्ताला देव ओळखीचा असतो. साहेबाला सारेच नवे असते. तेव्हा काय काढायचे, हे त्याच्या कुतूहलावर ठरू लागले.

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे औरस पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. पुढे छायाचित्राने साहेबाची हौसही स्वस्तात भागवली. राजा गेला, साहेब गेला. कारागीर मात्र राहिला.

आज त्याची गाठ बहुधा प्रदर्शनातच पडते. तंजावरास १९८६ पासून दक्षिण विभागाचे सांस्कृतिक केंद्र आहे. दिल्लीकर वाचकांना १९९४ साली उघडलेले दिल्ली हाट परिचित आहे. अशा ठिकाणी शनिवार-रविवारी गर्दी उसळते. एका मांडणीवर खरा वर्ख असतो, शेजारच्या मांडणीवर त्याची चकचकीत नक्कल. दुरून दोन्ही सारखीच दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते. पापनाशमच्या पुढच्याच स्वामिमलै गावातील स्थपतींची पंचधातूची मूर्ती घ्या. आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या मातीचा साचा चढवतात, मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस ओततात आणि शेवटी साचा फोडून टाकतात. त्याच साच्यातून दुसरी मूर्ती निघूच शकत नाही. इतके ठाऊक नसलेला गिऱ्हाईक ‘निम्म्याला द्या’ म्हणतो, आणि आपण चतुर ठरलो असे समजतो.

आपणही नोकरीनिमित्त परमुलखात राहणारी माणसे. त्या साहेबांप्रमाणेच सुट्टीला घरी जाताना आपणही आठवणी विकत घेतो. फरक इतकाच करता येईल की घेण्यापूर्वी ही वस्तू कोणी केली, कशी केली, तिला किती दिवस लागले, एवढे विचारावे आणि मग श्रमाला शोभेल असे मोल द्यावे. पापनाशमच्या कोठारातले भात आता कोणा चित्रकाराच्या पानात पडत नाही. त्याच्या पानाचा भार आता तुमच्या-आमच्या खिशावर आहे. पूर्वजांच्या आश्रयाचा अभिमान बाळगायचा, तर त्याचा एवढा वाटा आपण उचललाच पाहिजे.