एका देहातील वाद्यमेळ

वाद्यांचा इतिहास बहुधा कारागिरांचा आणि कलावंतांचा म्हणून लिहिला जातो. परंतु काही वाद्यांच्या घडणीत कायदे करणाऱ्यांचा, वेतन मोजणाऱ्यांचा आणि मुकाट्याने सोसणाऱ्या समाजाचाही वाटा असतो. पाश्चात्त्य बँडमधील ड्रमसेट हे अशांपैकी एक. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात किंवा कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर ज्यांनी एकेकाळी जॅझ ऐकला असेल, त्यांना हा वादक चटकन आठवेल. दोन्ही हात आणि दोन्ही पाय निरनिराळ्या कामांत गुंतलेले, चेहरा मात्र निश्चिंत! दोनावर तीन, चारावर तीन अशा लयी एकाच देहातून वाजविण्याची ही विद्या त्याच्याकडे कशी आली, याची कथा मोठी उद्बोधक आहे.

तिचे मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. आजच्या घाना आणि टोगो या देशांच्या दक्षिण भागात एवे लोकांची वस्ती आहे. त्यांच्या नृत्यप्रसंगी एक लोखंडी जोडघंटा सतत एकच आवर्तन वाजवीत असते. तिच्या जोडीला मण्यांची जाळी घातलेला भोपळ्याचा खुळखुळा, साथीचे लहानमोठे ढोल आणि सर्वांना आवाहन करणारा प्रमुख ढोल असतो. साथीदारांपैकी एकेकाचे काम पाहिले तर साधे वाटते. कागानू या छोट्या ढोलाचा वादक तर एकच चिमुकला बोल धरून बसतो. पण एकाची चाल दोनाची, शेजाऱ्याची तीनाची, आणि दोन्ही एकाच कालखंडात बसविलेल्या! ही गुंफण कागदावर उतरविण्यासाठी ए. एम. जोन्स या इंग्रज मिशनऱ्याला वादकांचे ठोके सरकत्या कागदाच्या पट्टीवर टिपणारे यंत्र वापरावे लागले. त्याचा द्विखंडात्मक ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला.

दोनावर तीन म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला समजणे अवघड नाही. तबलजी दीडपट लय घेतो तेव्हा दोन मात्रांच्या जागेत तीन बसवितो. तो काळ सहा समान भागांत वाटला, तर दोनाचे ठोके पहिल्या आणि चौथ्या भागावर पडतात. तीनाचे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या भागावर. म्हणजे ऐकताना क्रम येतो तो असा: दोन्ही, उजवा, डावा, उजवा. दोन स्वतंत्र लयींतून उमटलेली ही एक तिसरीच आकृती होय. एवे वादकाला ती मोजावी लागत नाही. लहानपणापासून तो तिच्या मध्यभागी वाढलेला असतो आणि आपला वाटा शेजाऱ्याच्या वाट्याच्या आधारानेच ओळखतो. तेथे बहुलय हा सामाजिक व्यवहार आहे.

गुलामगिरीने नेमका हा व्यवहार मोडला. १७३९ च्या सप्टेंबरात साउथ कॅरोलायनातील स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवीत ते इतरांना बोलावीत पुढे सरकले. उठाव चिरडला गेला आणि १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल व शिंगे बाळगण्याची बंदी झाली. ढोल हे निरोपाचे आणि एकजुटीचे साधन आहे, हे मालकांनी बरोबर हेरले होते. पण लय ढोलात राहत नाही, माणसात राहते. त्या किनाऱ्यावरील ‘रिंग शाउट’ नावाच्या भक्तिनृत्यात एकजण काठीने लाकडी जमिनीवर ठोके देई, इतरजण टाळ्यांनी त्याला छेद देत आणि रिंगण पावलांनी आपली लय धरी. वाद्य जप्त झाले, तेव्हा हात, पाय आणि जमीन ही वाद्ये झाली.

न्यू ऑर्लिन्सची तऱ्हा थोडी निराळी होती. तेथे १८१७ च्या नियमाने गुलामांच्या रविवारच्या मेळाव्यांना नगरपतीने नेमून दिलेल्या एकाच जागेची मर्यादा घातली. तीच पुढे काँगो स्क्वेअर म्हणून प्रसिद्ध झाली. १८१९ मध्ये वास्तुशिल्पी बेंजामिन लॅट्रोब याने तेथील ढोल पाहून त्यांची रेखाटने केली. पुढे ही परंपरा आणि लष्करी बँडची शिस्त याच शहरात एकमेकींना भेटल्या.

मिरवणुकीच्या बँडमध्ये मोठा ढोल, लहान ढोल आणि झांज यांसाठी वेगवेगळी माणसे लागत. नाट्यगृहात आणि नृत्यशाळेत इतकी जागा नव्हती, आणि तितके वेतन देण्याची तयारीही नव्हती. म्हणून एकच वादक दोन ढोल जवळ ठेवून ते हातांनी आळीपाळीने वाजवू लागला. १९०९ साली शिकागोच्या लडविग बंधूंनी जलद चालणारे पायटे बाजारात आणले. मोठा ढोल पायाकडे गेला आणि हात मोकळे झाले. पुढे डाव्या पायाकडे झांजांची जोडी आली. काटकसरीने तीन माणसांचे काम एकावर लादले. पण त्याच काटकसरीने नकळत एका माणसाला मेळाचे सामर्थ्यही दिले.

आरंभी हे अवयव एकमेकांच्या तंत्राने चालत. १९४० च्या सुमारास केनी क्लार्कने तालाचा मुख्य प्रवाह मोठ्या झांजेकडे नेला आणि पायाचा ढोल संवादासाठी मोकळा ठेवला. मग प्रश्न आला शिक्षणाचा. जिम चॅपिन याच्या १९४८ च्या पुस्तकात त्याचे पद्धतशीर उत्तर आहे: उजव्या हाताने झांजेवरील चाल अखंड ठेवावी, डाव्याने तिच्याविरुद्ध तिस्रातील निरनिराळे आकृतिबंध वाजवावेत, नंतर त्यांत पाय आणावा. एका अवयवाने दुसऱ्याच्या मोहात पडू नये, हे त्यातील मुख्य पथ्य.

एल्विन जोन्सने या पथ्याच्या पलीकडचे पाऊल टाकले. १९२७ साली मिशिगनमधील पाँटियाक येथे जन्मलेला हा वादक १९६० ते १९६६ या काळात जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत होता. तो एका मात्रेचे तीन भाग करी आणि ते उजवा हात, डावा हात, पाय यांत वाटून देई. या तीन-तीनच्या माळेत दर चौथ्या ठोक्यावर जोर दिला, तर चार मात्रांत तीन आघात येतात. दर दुसऱ्यावर दिला, तर दोन मात्रांत तीन. माळ तीच, पण तिच्यातून दुसरी लय उगवते. जोन्सचे अवयव परस्परांपासून अलिप्त नसतात. एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो. डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’मध्ये हे स्पष्ट ऐकू येते.

येथे मराठी मनाला गोव्याचे लयब्रह्मभास्कर खाप्रूमामा पर्वतकर आठवल्यावाचून राहणार नाहीत. हातापायांनी वेगवेगळे ताल धरून तोंडाने आणखी निराळा बोलण्याची त्यांची सिद्धी जाणकारांना थक्क करी. मात्र त्यांची साधना तालाच्या गणिताची, आणि तिचे सार्थक समेवर. जोन्सच्या वाटेला गणित वर्ज्य नाही. परंतु तिचा पूर्वज आहे तो मेळावा, ज्यात प्रत्येकाचा वाटा अपुरा असतो आणि म्हणूनच दुसऱ्याची गरज असते.

नवशिक्याची अडचणही येथेच उलगडते. दोन आणि तीन वेगवेगळे मोजून जो त्यांना जोडू पाहतो, त्याचा एक हात दुसऱ्याला ओढून नेतो. जो प्रथम संथपणे ती तिसरी आकृती कानात भरून घेतो, त्याला हळूहळू तिच्यातील दोन्ही आवाज वेगळे ऐकू येऊ लागतात. ज्यांचे ढोल हिरावले गेले, त्यांच्या वंशजांनी पांगलेल्या मेळाव्याला एका देहात पुन्हा जागा दिली. ती विद्या शिकणारा माणूस एकटा बसून सराव करतो खरा. पण त्याच्या चार अवयवांत जे एकमेकांना साद घालीत असतात, ते मुळात चार शेजारी होते.